आगीआधीचे ७२० तास

६ मार्च २०१८. भारतीय वेळेनुसार रात्रीचे ८ वाजून ५० मिनिटं. सिंगापूरहून सुएझकडे निघालेल्या ‘मर्स्क होनाम’ या जहाजावरून निरोप आला, की मालाच्या एका तळकप्प्यात मोठी आग लागली आहे. जहाज ३५३ मीटर लांब होतं आणि बांधून फार तर वर्ष झालेलं. त्याच्यावर ७,८६० कंटेनर आणि २७ माणसं होती. त्यांतली १३ भारतीय. पाच जण या आगीत गेले. पुढे जे काही सामानाविषयी लिहिलं आहे, ते या पाच मृत्यूंच्या नंतरचं आहे, याचं भान ठेवूनच लिहिलं आहे.

पण सामानाविषयी लिहायला हवं. अशा जहाजांवर कारखान्यांच्या मालासोबत माणसांची बिऱ्हाडंही असतात. देव्हारा, संवादिनी, मुलांची पुस्तकं, आईने दिलेली भांडी. परदेशात घर हलवताना मूव्हर कसा निवडावा, यावर बोलणं बहुतेकदा खोकी आणि बबल रॅपपाशी संपतं. सामान नीट बांधणारे पुष्कळ आहेत. संकट आल्यावर तुमच्या बाजूने उभा राहील असा मूव्हर कोण, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर जहाज सुटण्याच्या कितीतरी आधी, घरातल्या टेबलावर ठरतं. म्हणून इथे घड्याळ त्या रात्रीपासून मागे नेलं आहे. जहाजाच्या वेळा जाहीर माहितीतल्या आहेत. घरातले टप्पे मात्र एका कुटुंबाचे नाहीत. सिंगापूरहून युरोपात बिऱ्हाड हलवणाऱ्या कुणाच्याही वाट्याला ते येतात, आणि मुंबई-पुण्याहून न्हावा शेवामार्गे जाणाऱ्यांच्याही.

७२० तास आधी

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. घर बघायला सर्वेअर येतो, किंवा येत नाही.

येत नसेल, फोनवर ‘दोन बेडरूम ना? मग इतके होतील’ असं सांगून मोकळा होत असेल, तर तिथेच थांबावं. बोटीने जाणाऱ्या सामानाचा दर घनमीटरवर ठरतो, आणि घनमीटर कपाटं उघडल्याशिवाय कळत नाहीत. चांगला सर्वेअर माळ्यावर काय आहे ते विचारतो, पलंगाखालचं बघतो, काय न्यायचं नाही हेही लिहून घेतो. त्याचे निम्मे प्रश्न तर तिकडच्या घराबद्दलचे असतात. कितवा मजला, लिफ्ट केवढी, दारापाशी ट्रक उभा राहतो का. घर व्हिडिओवर दाखवलं तरी चालतं, पण त्याने ते सावकाश, खोली खोली करून बघायला हवं.

याच भेटीत एक मोठा निर्णय होतो. वीस फुटी कंटेनरमध्ये आतली जागा ३३ घनमीटरच्या आसपास असते, प्रत्यक्षात भरता येते ती त्याहून कमी. सामान तेवढं नसेल तर ते दुसऱ्या चार घरांच्या सामानासोबत एका कंटेनरमध्ये जातं. याला ग्रुपेज म्हणतात. ते स्वस्त पडतं आणि त्यात गैर काही नाही. मात्र आपलं नशीब त्या चार अनोळखी घरांशी बांधलं जातं. हे वाक्य पुढे पुन्हा लागणार आहे.

५०० तास आधी

टेबलावर तीन कोटेशन आहेत. एक बरंच स्वस्त.

स्वस्ताईचं कारण बहुतेकदा शेवटच्या पानावर सापडतं. घरातून उचलणं आणि समुद्रभाडं धरलेलं असतं. तिकडच्या बंदरावरचा हाताळणी खर्च, कस्टम्सची तपासणी, गोदामभाडं, घरापर्यंतची ने-आण आणि जिने चढवणं ‘प्रत्यक्षाप्रमाणे’ म्हणून सोडून दिलेलं असतं. सामान तिकडे पोचल्यावर त्या ‘प्रत्यक्षा’ला नाही म्हणायची सोय उरत नाही, कारण सामान त्यांच्या ताब्यात असतं. अमेरिकेत या प्रकाराच्या तक्रारी इतक्या साचल्या, की तिथल्या फेडरल मॅरिटाइम कमिशनने २०१० साली घरगुती सामानाच्या सागरी वाहतुकीचीच चौकशी लावली. कमी आकडा सांगायचा, सामान उचलायचं, मग आकडा वाढवायचा आणि पैसे येईपर्यंत सामान सोडायचं नाही, अशी ती तऱ्हा होती.

म्हणून कोटेशन हातात आल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा: तिकडे दार वाजवणारी कंपनी कुठली? तिचं नाव काय? मूव्हर एका देशात असतो. दुसऱ्या टोकाला त्याचा सहकारी एजंट सामान सोडवतो आणि पोचवतो. हे नाव आज सांगता येत नसेल तर एजंट अजून ठरलेला नाही, आणि जो सर्वांत स्वस्त मिळेल तो ठरेल.

दुसरा प्रश्न: तुम्ही स्वतः बांधणार, की काम घेऊन दुसऱ्याला देणार? देखणी जाहिरात असलेल्यांपैकी कित्येकांकडे ना गोदाम असतं ना माणसं. काम मिळवून ते पुढे विकतात.

तिसरी गोष्ट प्रमाणपत्राची. फिडी ही मूव्हर्सची आंतरराष्ट्रीय संघटना १९५० सालची आहे. तिच्या सदस्यांना फाइम नावाची गुणवत्ता-तपासणी बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते. लेटरहेडवर बोधचिन्ह छापायला काही लागत नाही, म्हणून संघटनेच्या स्वतःच्या सदस्ययादीत नाव शोधावं. सदस्य नसलेला मूव्हर वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. पण त्याची खात्री करण्याचं सगळं काम मग आपल्यावर येतं.

३६० तास आधी

विम्याचा कागद. इथे घाई करू नये, आणि सगळ्यांत जास्त घाई इथेच होते. शाळेचे दाखले, व्हिसा, जुन्या घराचं डिपॉझिट, निरोपाची जेवणं, या सगळ्यात हा फॉर्म रात्री अकरा वाजता भरला जातो.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘जहाजावर काही झालं तर जहाज कंपनी भरून देईल’ हे बहुतांशी खरं नाही. सागरी वाहतुकीवर जगात पुष्कळ ठिकाणी हेग-व्हिस्बी नियम लागू आहेत. त्यांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी किलोमागे २ एसडीआर किंवा नगामागे ६६६.६७ एसडीआर, यांतलं जे जास्त असेल तेवढ्यापुरती असते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन आहे. आणि आग लागून नुकसान झालं, तर खुद्द वाहतूकदाराची चूक किंवा संगनमत सिद्ध झाल्याशिवाय तो मुळीच बांधील नसतो. आग हा नियमांतच लिहिलेला अपवाद आहे.

म्हणून विमा. पण कुठला? मूव्हर जे देऊ करतो त्याला दरवेळी विमा म्हणता येत नाही. काहींच्या कागदावर ‘प्रोटेक्शन’ किंवा ‘वाढीव जबाबदारी’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे मूव्हरने स्वतःच्या खिशातून द्यायचं वचन, आणि तो खिसा केवढा आहे हे कुणी बघितलेलं नसतं. विमा असेल तर विमा कंपनीचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक मिळतो. ते जहाज सुटण्याआधी हातात यायला हवं.

मग अटी. सागरी मालविम्याची ए, बी, सी अशी तीन प्रमाणित कलमं आहेत. ‘ए’चं छत्र सर्वांत मोठं, ‘सी’चं सर्वांत लहान. आग तिन्हींत येते. आणखी एक गोष्ट तिन्हींत येते, तिचं नाव जनरल ॲव्हरेज. ती काय असते ते पुढे येईल. हे नाव मूव्हरच्या माणसाला विचारून बघावं. माझ्या मते हीच त्याची खरी परीक्षा. ‘आमच्या पॉलिसीत जनरल ॲव्हरेज आणि साल्व्हेज आहे का?’ या प्रश्नावर जो गोंधळतो, त्याने तुम्हाला काय विकलं आहे हे त्यालाच माहीत नाही. ‘फक्त संपूर्ण नुकसान झाल्यास’ अशी स्वस्त पॉलिसी असेल तर हा प्रश्न दुप्पट निकडीचा होतो.

किंमत लिहितानाही जपावं. हप्ता वाचवायला वीस लाखांचं सामान दहा लाखांचं दाखवलं, तर पाच खुर्च्या मोडल्यावर अडीच खुर्च्यांचेच पैसे मिळतात. कमी रकमेच्या विम्यात भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते. भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने की घसारा धरून, हे विचारून घ्यावं. स्वतः भरलेल्या खोक्यांतली फूटतूट बहुतेक पॉलिसी मानत नाहीत. दागिने आणि मूळ कागदपत्रं तर सहसा विम्याबाहेरच असतात, ती हातातल्या बॅगेतच न्यावीत. आजीच्या पैठणीची किंमत बाजारभावाने लागेल, आठवणीची लागणार नाही. तिला सोबत विमानात नेणं हाच तिचा विमा.

२४० तास आधी

बांधाबांध. माणसं कामसू असतील तर हा दिवस झपाट्याने सरतो, आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नगांची यादी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावी. ‘खोकं, किरकोळ’ असं लिहिलेलं खोकं हरवलं तर त्यात काय होतं हे कुणाला पटवता येत नाही. प्रत्येक नगाला क्रमांक, आत काय त्याचा दोन शब्दांत उल्लेख, आधीचा ओरखडा असेल तर त्याची नोंद. लाकडी पेटारा केला असेल तर त्यावर आयएसपीएम १५चा छाप हवा. गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं लाकूड असल्याची ती सहसा खूण असते. तबल्याचं कातडं, मसाल्यांचे डबे, लोणचं यांबद्दल तिकडचे नियम मूव्हरनेच आधी सांगायला हवेत. जो स्वतःहून सांगतो त्याने हे काम पूर्वी केलेलं असतं.

१७० तास आधी

गोदामात कंटेनर भरतो. ग्रुपेजचं सामान कधी कधी इथे कंटेनर पुरा होईपर्यंत आठवडे पडून राहतं. या हिशेबात ते राहिलं नाही असं धरू. दार बंद होतं, सील लागतं, वजन कळवलं जातं. १ जुलै २०१६पासून तपासलेलं वजन कळवल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवता येत नाही.

आणि बिल ऑफ लेडिंग तयार होतं. हा कागद दोन थरांत असतो. जहाज कंपनी जो देते तो मास्टर. त्यावर पाठवणारा म्हणून बहुधा मूव्हरचं किंवा माल एकत्र करणाऱ्या कंपनीचं नाव असतं. त्या कंपनीने तुम्हाला दिलेला तो हाउस. जहाज कंपनीच्या लेखी तुमचं नाव कुठेच नाही. तिला एक कंटेनर आणि एक कंपनी माहीत आहे. संकट आलं तर पत्र त्या कंपनीकडे जाईल, ती मूव्हरला कळवेल, आणि मूव्हर तुम्हाला. या साखळीत एक माणूस जरी फोन उचलेनासा झाला, तरी आपलं सामान कुठे आहे हे तुम्हाला बातम्यांतून कळतं. म्हणूनच मूव्हर निवडणं म्हणजे ही साखळी निवडणं.

याच कागदावर आणखी एक ओळ बघावी. ‘एक कंटेनर, घरगुती सामान’ एवढंच लिहिलं असेल, तर नगामागच्या भरपाईच्या हिशेबात सबंध कंटेनर एक नग धरला जाऊ शकतो. ‘१४० नग’ लिहिले असतील तर १४०. एका ओळीचा हा फरक जाणता मूव्हर न सांगता सांभाळतो.

तिकडे जहाजाच्या तिसऱ्या तळकप्प्यात ५४ कंटेनर भरून, साधारण १,००० टन, सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट डायहायड्रेट हे रसायन होतं. पोहण्याच्या तलावांचं पाणी निर्जंतुक करायला ते वापरतात. त्या वेळच्या नियमांत त्याची नोंद पर्यावरणाला घातक म्हणून होती. आगीच्या दृष्टीने ते राहत्या भागापासून दूर ठेवावं असं बंधन नव्हतं. नियम मोडला गेला नव्हता. नियमच अपुरा होता.

१३० तास आधी

१ मार्चला जहाजाने सिंगापूर सोडलं. घरचे या वेळी रिकाम्या खोल्या झाडत असतात, किंवा विमानात असतात. जागरूक मूव्हर जहाजाचं नाव, फेरीचा क्रमांक आणि कंटेनरचा क्रमांक न मागता पाठवतो. हे तीन तपशील हाती असले की जहाज रोज कुठे आहे ते बघता येतं, आणि बातमीत त्याचं नाव आलं तर ते ओळखता येतं.

२४ तास आधी

अरबी समुद्र. लक्षद्वीप मागे पडत चाललेलं. घरात काही घडत नाही, आणि आता घडवण्यासारखंही काही उरलेलं नाही.

शून्य

तिसऱ्या कप्प्यात धूर. खलाशांनी कप्प्यात कार्बन डायऑक्साइड सोडून आग कोंडायचा प्रयत्न केला, पण ती आटोपली नाही. जहाजाचा राहता भाग त्या कप्प्याच्या लगेच मागे होता. त्यामुळे ज्वाळा आणि धूर थेट माणसांच्या अंगावर आले. मदतीची हाक गेली. ‘एएलएस सेरेस’ हे मालवाहू जहाज वळलं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला तिथे पोचलं. २३ जणांना त्याने वर घेतलं. त्यांतला एक जण वाचला नाही, आणि चौघे सापडलेच नव्हते. भारतीय तटरक्षक दलही मदतीला गेलं. आग पुढे कित्येक दिवस धुमसत होती.

त्यानंतर

पुढचा भाग जळून गेला, पण मागचे हजारो कंटेनर शाबूत होते. जहाज ओढत दुबईच्या जेबेल अलीला नेण्यात आलं. एखाद्या घरचं सामान मागच्या बाजूला असतं, तर त्यांनी देवाचे आभार मानले असते. आणि मग पत्र आलं असतं.

जहाज कंपनीने जनरल ॲव्हरेज जाहीर केला. समुद्री व्यापाराचा हा फार जुना रिवाज आहे. सगळ्यांना वाचवण्यासाठी केलेला खर्च आणि सोसलेलं नुकसान, ज्यांचं ज्यांचं वाचलं त्या सर्वांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचं. आज तो यॉर्क-अँटवर्प नियमांनी चालतो. होनामच्या बाबतीत मागितलेली हमी अशी होती: वाचवणाऱ्यांच्या मोबदल्यापोटी, म्हणजे साल्व्हेजपोटी, मालाच्या किमतीच्या ४२.५ टक्के, आणि जनरल ॲव्हरेजपोटी ११.५ टक्के. मिळून ५४.

वीस लाखांचं सामान, ओरखडाही न आलेलं, ताब्यात घेण्याआधी १० लाख ८० हजारांची हमी.

ज्याच्याकडे खराखुरा विमा आहे तो हे पत्र विमा कंपनीकडे पाठवतो. कंपनी हमीपत्रावर सही करते आणि सामान पुढे निघतं. ज्याच्याकडे नाही त्याला रोख अनामत भरावी लागते, आणि अंतिम हिशेब व्हायला वर्षं जातात. जो भरू शकत नाही त्याचं सामान अडकून राहतं. नव्या देशातला पहिला पगार अजून हातात आलेला नाही, घराचं डिपॉझिट नुकतंच भरलेलं आहे, मुलं जमिनीवर गाद्या टाकून झोपताहेत, अशा वेळी ही रक्कम कुठून आणायची? फसवणूक इथे कुणीच केलेली नसते. आगीच्या पंधरा दिवस आधी एका फॉर्मवर एक चौकोन रिकामा राहिला, एवढंच झालेलं असतं. आणि तो रिकामा राहतोय हे ज्याला दिसत होतं त्याने, म्हणजे मूव्हरने, तोंड उघडलं नाही. माझा राग आहे तो या गप्प राहण्यावर. घर हलवणारी माणसं आयुष्यात एकदा-दोनदा हे करतात. तो रोज करतो.

ग्रुपेजवाल्यांसाठी आणखी एक पेच असतो. कंटेनर एक, घरं पाच. चौघांनी हमी दिली आणि पाचव्याने दिली नाही, तर सबंध कंटेनर अडकू शकतो. पाचवा माणूस कोण, त्याचा विमा होता का, हे आपल्याला माहीत नसतं. माल एकत्र करणाऱ्या कंपनीला माहीत असतं. म्हणून ५०० तासांच्या टप्प्यावर विचारायचा एक प्रश्न इथला आहे: तुमच्या ग्रुपेज कंटेनरमध्ये प्रत्येक घराचा विमा सक्तीचा आहे का?

होनामचा जळलेला पुढचा भाग कापून टाकला गेला. मागच्या भागाला दक्षिण कोरियात नवा पुढचा भाग जोडला, आणि २०१९ साली ते जहाज ‘मर्स्क हॅलिफॅक्स’ या नावाने पुन्हा कामाला लागलं. मधल्या काळात मर्स्कने घातक माल राहत्या भागाजवळ न रचण्याचे स्वतःचे नियम केले. सिंगापूरच्या वाहतूक सुरक्षा तपास विभागाचा अहवाल ऑक्टोबर २०२०मध्ये आला. आग बहुधा त्या रसायनाच्या आपोआप होणाऱ्या विघटनातून लागली, असं त्यात म्हटलं आहे. पुरावाच जळून गेल्याने नेमकं ठरवता आलं नाही.

वाहतूकदारावर दावा लावण्याची हेग-व्हिस्बी नियमांतली मुदत सामान मिळाल्यापासून, किंवा मिळायला हवं होतं त्या दिवसापासून, एक वर्षाची आहे. अहवाल अडीच वर्षांनी आला. मुदत वाढवून घेता येते, पण ती संपण्याआधी कुणीतरी लेखी मागावी लागते. विमा कंपनी आपल्या ग्राहकांसाठी ती मागते. विमा नसलेल्यांसाठी हे काम मूव्हरकडे उरतं, त्याच्या कचेरीत दाव्यांचं काम बघणारा माणूस असेल तर. कोटेशन हातात असताना त्या माणसाचं नाव विचारावं आणि त्याला एकदा फोन लावून बघावा.